लाल दोऱ्याचं पान

लाडक्या भाच्या,

तू या घरात मुलगी म्हणून वावरायचास, तेव्हाचा निळा फ्रॉक तुझ्याच सांगण्यावरून मी भिजवला, कुटला आणि त्या लगद्याच्या कागदाचं पुस्तक बांधलं. तू गेल्यापासून तुझं नाव न काढणारे तुझे बाबा रोज विचारायचे, "फ्रॉक कुठाय?" मी म्हणायची, "धुवायला टाकलाय."

आज त्यांनी पुस्तक उघडलंच. घेराचा लाल दोरा काढायला मी विसरले होते. तो एका पानात तसाच दिसत होता.

"ही टीप मी घातलेली," ते म्हणाले. बराच वेळ पान सोडेनात. मग खाकरले, "मिशी फुटली का गं त्याला?"

मी तुझा पत्ता दिला. चुकलं का रे? पुस्तक घेऊन ते निघालेत. पत्राआधी तेच पोचतील, म्हणून हे खणातच ठेवते.

तुझी धास्तावलेली
आत्या