यंदा फेरी मुक्याने

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
उपासनेनंतर चर्चच्या पंचांचा ठराव वाचला. ईस्टरची प्रभातफेरी निघेल, पण मूक. पेटी नाही, डफ नाही, गाणी नाहीत, आरोळी नाही. पांढरे कपडे, हातात मेणबत्ती, चर्चपासून अन्नपूर्णेच्या देवळाच्या बाजूच्या गल्ल्यांतून फिरून परत चर्च. ठराव मांडला कोणी? आमच्या सेक्रेटरीसाहेबांनी. म्हणजे माझ्याच नवऱ्याने! मी बाकावरून बघत होते. ह्यांनी चष्मा पुसायला काढला तो पुसतच बसले.

कारण माहीत आहे सगळ्यांना. डिसेंबरात नाताळची गाणी म्हणत फिरताना पोरांनी अडवलं, मोबाइल तोंडासमोर धरला. "किसका धरम बदलने निकली हो, आंटी?" आंटी म्हणजे मी. पेटी माझ्याच गळ्यात होती.

घरी भांडण. मी म्हटलं, माझ्या वडिलांच्या काळापासून फेरी गातच निघते. हे म्हणे, "देवाला मनातलंही ऐकू येतं." मी विचारलं, मग लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्याशी तरी तोंडाने कशाला बोलता? जेवण मुक्यानेच झालं.

१४ एप्रिल
आंबेडकर जयंती. क्लिनिकला सुट्टी. तुकोगंजच्या त्या क्लिनिकात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या कांबळे मॅडमचा फोन. सगळं घर महूला, बाबासाहेबांच्या जन्मगावी निघालेलं, मागे ढोल एवढा की त्या ओरडूनच बोलत होत्या. त्यांना आमच्या मूक फेरीचं सांगितलं. म्हणाल्या, "ताई, चुपचाप चालायचं तर घरातच चालून घ्या ना! बाहेर कशाला पाय दुखवता?"
सेक्रेटरींना हे जसंच्या तसं ऐकवलं. पेपर उंच धरला गेला.

१६ एप्रिल
आज मेथी निवडता निवडता रडू आलं. इथे तरी खरं लिहिते. डिसेंबरपासून मी नीट प्रार्थना केलेली नाही. शब्द म्हणते, पण पलीकडे कोणी ऐकतंय असं वाटत नाही. प्रभू, त्या दिवशी तू कुठे होतास, हे विचारायचंय. ते विचारायची हिंमत नाही, म्हणून नवऱ्याशी भांडते.
ह्यांना यातलं काही माहीत नाही. बहुतेक.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार
लांबलचक उपासना. चर्च भरलेलं. मंडळीतले म्हातारे जोसेफमामा नाहीत, नेहमीप्रमाणे. नजर गेली, आता गुडघेही गेले. पण फेरीच्या वाटेवर त्यांची गॅलरी आहे. दरवर्षी आम्ही खालून "प्रभू उठला आहे!" अशी आरोळी ठोकतो आणि वरून मामा "खरोखर उठला आहे!" म्हणतात. त्या एका वाक्यासाठी आपण वर्षभर घसा जपतो, असं तेच सांगतात.
ह्यांना विचारलं, मामांना यंदाचं कळवलंत का? "पाळकसाहेब कळवतील."

२० एप्रिल, ईस्टर
आल्या आल्या लिहायला बसले.
अंधारात निघालो. नुसता चपलांचा आवाज. कोपऱ्यावर दूधवाल्याने गाडी थांबवून हळूच विचारलं, "क्या हुआ आंटी, कौन गुजर गया?" हसूसुद्धा आलं नाही.

मामांच्या गॅलरीखाली पोचलो. मामा खुर्चीत. धुतलेला सदरा, कान रस्त्याकडे लावलेला. त्यांना कोणी कळवलेलंच नव्हतं! पाळकसाहेबांना वाटलं, सेक्रेटरी सांगतील. आम्ही खाली गप्प उभे, ते वर वाट बघत बसलेले. चपला थांबल्याचं त्यांना ऐकू आलं असणार. मग मामांनी काठी कठड्यावर आपटली आणि स्वतःच ओरडले, "प्रभू उठला आहे!"

हे वाक्य आमचं. त्यांचं नेहमी उत्तर.

कोणी बोलेना. आठवडाभर घर डोक्यावर घेणारी मी, माझ्याही तोंडून शब्द फुटेना. समोरच्या गच्चीवर कोणीतरी मोबाइल धरलेला दिसला आणि डिसेंबर आठवला.

"अरे, आहे का कोणी खाली?" मामा.

आणि माझ्या शेजारून, भसाड्या, बेसूर आवाजात, "खरोखर उठला आहे, मामा! खरोखर उठला आहे!"
आमचे सेक्रेटरी! ज्यांना गायकवृंदात आजवर कोणी उभं केलं नाही, ते!

मग कोण कोणाला आवरणार. मीच गाणं उचललं. पेटी नाही म्हणून पट्टी फार वर गेली, तरी सगळे पोचले. खिडक्या उघडल्या. आमच्या बिल्डिंगपाशी आलो तर खालच्या मजल्यावरच्या पवारकाकू फाटकात उभ्या. "अगं, आंघोळ करून कधीची बसलेय, यंदा आवाज कसा नाही म्हटलं!" दूधवाला परतताना भेटला. "हाँ, अब सही है आंटी!"
गाता गाता रडले, रडता रडता गायले. कुठे होतास, हे विचारलंही नव्हतं मी, प्रभू. माझ्या शेजारीच उभा होतास.

२१ एप्रिल
मामांकडे पेढे घेऊन गेलो. म्हणाले, "मला वाटलं तुम्ही घाबरलात."
"घाबरलोच होतो, मामा."
"मग काय झालं? प्रभूच्या कबरेवर गेलेल्या बायाही भ्यालेल्याच होत्या, पोरी." आणि पेढा मागितला. शुगर आहे, तरी दिला.

२४ एप्रिल
गच्चीवरचा व्हिडिओ फिरतोय. पोलीस ठाण्यातून फोन. सेक्रेटरींनी शनिवारी येऊन भेटावं. कशासाठी ते सांगितलं नाही. हे म्हणाले, "गायलो तर गायलो. तसंच सांगेन." मी म्हटलं, तुमच्या त्या ओरडण्याला गाणं म्हणू नका, तेवढं खोटं होईल. खूप दिवसांनी दोघं पोटभर हसलो.
मग प्रार्थना केली. माझी मी, नीट.

२६ एप्रिल, शनिवार
हे निघाले. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन. पाळकसाहेब खाली स्कूटरवर. मी येते म्हटलं, तर "तू पेटी काढ, उद्या उपासना आहे."
जिना उतरू लागले तशी दार सताड उघडून मी ओरडले, सगळ्या मजल्यांवर ऐकू जाईल असं, "प्रभू उठला आहे!"
दचकले. वर बघून हसले. "खरोखर उठला आहे," म्हणाले आणि गेले.
खालून पवारकाकू, "काय गं, परत ईस्टर?"
"अजून चालूच आहे, काकू!"
दुपार झाली. फोन नाही. पेटी काढून बसले आहे, सूर लावलाय. खिडक्या सगळ्या उघड्या ठेवल्यात.