वहिनीच्या खोलीची खिडकी

माय, सध्या आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ एकच विषय आहे, खिडक्या. नांदेडला आम्ही घर बांधतोय, भिंती उठल्यात, आणि दिवाळीनंतर लेकाचं लग्न आहे. तुझा नातू फोनवर खिडक्यांचे फोटो बघत बसतो. सरकत्या काचेची, दोन पल्ल्यांची, भिंतीबाहेर काढून आत गादी टाकून बसायची. बघतो आणि होणाऱ्या बायकोला पाठवतो. "तिची खोली आहे, तिला विचारायला पाहिजे ना आई," म्हणतो. विचारलंच पाहिजे. मी शेपू निवडत मान हलवते आणि आतल्या आत जळते. साठीला आलेली बाई मी, आणि अजून घरात न आलेल्या पोरीवर जळते. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू? शिवाय याची सुरुवात तूच करून ठेवली आहेस.

लातूरचं आपलं घर बांधलं तेव्हा जिल्हा नवा नवा झाला होता. बाबा नव्या कचेरीत लागलेले. आपल्या दारावरून जीपा जायच्या, बाहेरगावचे कारकून भाड्याची खोली विचारत फिरायचे. माझ्या खोलीची भिंत कमरेएवढी आली तेव्हा मिस्त्रीनं तुला विचारलं, "बाई, खिडकी हितं खालूनच घेऊ का? हवा खेळंल." तू डोक्यावरचा पदर पुढं ओढलास आणि म्हणालीस, "पोरीच्या खोलीला रस्त्याकून खिडकी कशाला? कुठलं कुठलं लोक येऊन राहिलंय. वर छताखाली घ्या. उजेड आला म्हंजे झालं." मी तिथंच विटांवर पाणी मारत उभी होते. माझ्याकडं कोणी बघितलंही नाही. मग छताखाली हातभर लांबीचा झरोका आला. ट्रंकेवर उभं राहिलं तर त्यातून समोरच्या लिंबाचा शेंडा दिसायचा, रस्ता नाहीच. त्याचंही मला तेव्हा काही वाटलं नाही. सगळ्याच मैत्रिणींच्या खोल्या तशा होत्या.

माझं लग्न दुष्काळात झालं. टँकर आला की गल्ली भांडायला उठायची. पंगतीत वाढणाऱ्यांना तू बजावत होतीस, "पेला अर्धाच भरा, मागितलं तर पुन्हा द्या." माझ्या सासरच्यांनी ते पुढं कितीतरी वर्षं ऐकवलं. आखाडात मी पहिल्यांदा माहेरी आले. पावसाचा पत्ता नव्हता, एसटीतून उतरले तेव्हा केसांत नुसती माती. आत आले तर माझ्या खोलीची भिंत फोडलेली. जिथं माझी ट्रंक असायची तिथं मोठी थोरली खिडकी, सागवानी चौकट, उभे गज, खाली ऐसपैस शहाबादी कट्टा. भावाची सोयरीक नांदेडची जमली होती, आणि खोली आता वहिनीची होणार होती. तू कौतुकानं सांगत होतीस, "गोदेकाठच्या मोठ्या घरातली लेक हाय ती. कोंडल्यावानी होईल तिला हितं." मी म्हटलं, "माय, न्हायला पाणी काढ." तू बादली उचललीस आणि खिडकीकडं निघालीस. "उद्या न्हा की गं. आज पिलास्टरला पाणी लागतंय, न्हाई मारलं तर तडा जाईल." तांब्यातांब्यानं तू त्या ओल्या भिंतीवर पाणी मारलंस, पोरीच्या अंगावर घालावं तसं हळूहळू. मी मातीनं भरलेले केस घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसले. तू भाकरी वाढलीस, मी भूक नाही म्हणाले, आणि प्रवासानं मळमळत असेल असं तू म्हणालीस.

वहिनी वाईट असती तर बरं झालं असतं. ती चांगलीच आहे. पुढं मी कधीही आले की तुम्ही दोघी त्या कट्ट्यावर शेंगा फोडत बसलेल्या असायच्या, रस्त्यानं कोण चाललंय यावर हसत. तू माझ्याशी असं कधी हसली नाहीस. वहिनी लगेच उठायची, "वन्सं, बसा की हितं, वारं लई छान येतंय." मी खुर्चीवर बसायचे. तिनं दिलेली जागा मला नको होती. तू स्वतः सरकून, ये बस माझ्याशेजारी, असं एकदाही म्हणाली नाहीस. तू गेलीस तेव्हाही तुझी खाट त्याच खिडकीला लावलेली होती आणि तुझा हात वहिनीच्या हातात होता. मी रात्रीच्या गाडीनं पोचले, तोवर सगळं उरकत आलं होतं.

परवा होणाऱ्या सुनेचा फोन आला. "मम्मी, तुम्हाला कोणती आवडली? तुम्ही म्हणाल ती घेऊ." मी म्हटलं, "तुझी खोली, तुझी पसंती." फार मोठ्या मनाची सासू वाटले असेन तिला. फोन ठेवला आणि एकदम तू डोळ्यांसमोर आलीस, ती बादली घेऊन. तुझा तर सगळा जन्म चुलीपुढच्या काळ्या भिंतीकडं बघत गेला. मग वहिनीच्या खिडकीवर पाणी मारताना तुलाही असंच झालं होतं का गं? ओठांवर कौतुक आणि आत निखारा? तसं असेल तर माझं तुझ्याशी भांडण मिटलं. पण तू नुसतीच खुशीत असशील, मला जे द्यायचं सुचलं नाही ते तिला मनापासून देत असशील, तर माय, ते मला आजही सोसत नाही.

हे कुठं पाठवायचं नाहीच, तेव्हा उरलेलंही सांगते. सुनेनं बसायची खिडकी पसंत केली, चांगली रुंद. काल सगळे बाहेर गेल्यावर मी मिस्त्रीला फोन लावला. आमच्या स्वयंपाकघराला नकाशात नुसता धूर जाण्यापुरता पंखा आहे. तिथली रस्त्याकडची भिंत फोडायला सांगितली. तसलीच खिडकी, म्हटलं, पण तिच्यापेक्षा वीतभर मोठी घ्या. घरात अजून कोणाला बोलले नाही.