आप्पांच्या दुकानासाठी कार्ड

४ मार्च, मंगळवार

पुन्हा अडकलं! दुकानाच्या दारापर्यंत गेलो, शटर वर केलं, आणि चित्र जागच्या जागी थिजलं. मग एक झटका, मग पुन्हा थिजलं. आत पोचेपर्यंत माझा चहा गार झाला. असलं दुकान आप्पांना दाखवायचं? त्यापेक्षा न दाखवलेलं बरं.

कॉम्प्युटर म्हातारा झालाय. गेल्या ऑगस्टमध्ये आप्पांची खाट बाहेरच्या खोलीत आणली, तेव्हा टेबलासकट हा आतल्या खोलीत हलवला. दुकान बनवायला घेतलं तेही त्यानंतरच. पडद्यावर हलतं चित्र काढायचं काम ज्या ग्राफिक्स कार्डाचं, ते सहा वर्षांपूर्वीचं. त्याचा दम संपला. आता नवं घ्यायचं, आणि घ्यायचं तर पहिल्या नंबरचंच. ठरलं.

६ मार्च

कुणाला सांगणार, म्हणून इथे लिहितो.

गेल्या जुलैत रस्ता रुंद करायला आप्पांचं दुकान पाडलं, तेव्हा आप्पा हॉस्पिटलात होते. दुकान म्हणजे काय, कुलपं दुरुस्त करायची आणि किल्ल्या बनवायच्या, एवढीच जागा. एका सकाळी जाऊन मी ते रिकामं केलं. भिंतीवर एक मोठी फळी, तिच्यावर खिळ्याखिळ्याला किल्ल्या. चाळीस वर्षांच्या! कोणती कशाची, मला काय ठाऊक? भंगारवाला म्हणाला, "सगळं घेऊ का?" मी घड्याळ बघितलं आणि हो म्हटलं. ऑफिस गाठायचं होतं.

घरी आल्यावर आप्पांनी एवढंच विचारलं, "फळी कुठे ठेवलीस?" मी सांगितलं. "बरं," म्हणाले. त्यावर आजतागायत एक अक्षर नाही. शिव्या घातल्या असत्या तर सुटलो असतो.

म्हणून हे दुकान. ऑफिसात मी अजून उभ्या न राहिलेल्या घरांची चित्रं करतो. लोकांना खोटा सोफा आणि खोटं ऊन दाखवतो. मग पाडलेलं दुकान का नाही? घरात सात फोटो सापडले. बाकी आठवणीतून. फळीवर चारशे अकरा किल्ल्या मांडल्यात, एकीसारखी दुसरी नाही. आप्पांनी खाटेवर बसून शटर उघडायचं, आत शिरायचं, फळीपाशी जाऊन उभं राहायचं. तिथे मी माफी मागणार आहे. एरवी तोंडच उघडत नाही माझं.

९ मार्च

दोन कार्डं नक्की केली. एक मोठं, एक छोटं.

मोठं – मेमरी भरपूर, तीन पंखे, वीज खातं राक्षसासारखी. छोटं – निम्मी मेमरी, पण आटोपशीर. तेरा परीक्षणं वाचली. सहा जण म्हणतात मोठंच घ्या, पाच जण म्हणतात छोटं पुरे. उरलेले दोघे एकमेकांशी भांडतायत. किल्ल्यांवरची चकाकी खरी दिसायची तर मेमरी हवी. किल्ल्या खोट्या दिसल्या तर मग कशाला सगळं?

ताई दुपारी आप्पांना पुसून काढायला आली होती. मागे उभी राहून बघत होती.

"कार्ड निवडतोयस की बायको?"

"काम आहे माझं, ताई."

"बायकोच्या वेळीही असाच यादी करत बसलास. म्हणून राहिलास!"

हसलो. खरं होतं म्हणून जास्त हसलो.

११ मार्च

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. हृदय थकलंय, फुप्फुसात पाणी धरतंय. जिन्यात मला म्हणाल्या, "महिन्यांच्या हिशेबात नका राहू." मग कोणत्या हिशेबात राहू, ते विचारायचं धाडस झालं नाही.

१२ मार्च

मोठंच घ्यायचं.

१३ मार्च

मोठं बसतच नाही! कार्ड तेहतीस सेंटिमीटर, आणि कॉम्प्युटरच्या डब्यात आत जागा एकतीस. म्हणजे नवा डबा. एवढी वीज द्यायला पॉवर सप्लायही नवा. आप्पांना कळलं – आमच्या घरात भिंती नावाला आहेत – तर खाटेवरून म्हणाले, "कानशीने घास की दोन सेंटिमीटर! तुझ्या कंपनीला कुठे कळतंय?" हसता हसता ठसका लागला. पाठ चोळली. कपडा वाळत घातल्यावर राहते तेवढीच पाठ उरलीय.

हात मात्र अजून तेच आहेत. अंगठ्याचं टोक काळं. साबणाने कधीच गेलं नाही ते.

१७ मार्च

ऑफिसात आमचा तारवाला आहे. सगळ्यांची मशिनं तोच बघतो, म्हणून हे नाव. त्याला विचारलं, मोठं की छोटं. तो म्हणाला, "सर, आधी जुन्याचं मागचं जोडकाम एकदा बघून घ्या." मला राग आला. म्हटलं, वीस वर्षं याच धंद्यात आहे, काल जन्मलो नाही! तो "तसं नाही हो सर," म्हणत निघून गेला. साधा प्रश्न विचारला तर लोक शहाणपण शिकवतात.

१८ मार्च

आप्पांना आज बरं वाटत होतं. उशीला टेकून बसले. आपणहून बोलायला लागले – किती दिवसांनी!

"एक गिऱ्हाईक यायचं बघ, कोटवालं. म्हणे कुलूप बिघडलंय, नवं बसवून द्या. भारीतलं भारी. मी म्हटलं, आधी किल्ली दाखवा. दाखवली. कपाटाची किल्ली, आणि हा दाराला लावतोय! चार दिवस शेजाऱ्याकडे झोपला होता."

"मग काय केलंत?"

"काय करणार? बरोबर किल्ली शोधून दिली. वर चहा पाजला. माणसाला लाज वाटली की चहा पाजावा."

छान सांगतात आप्पा. दुकान बघताना असंच बोलले तर रेकॉर्ड करून ठेवीन.

२२ मार्च

कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. काउंटरमागच्या माणसाने मोठं कार्ड खोक्यातून काढून हातात दिलं. चांगलंच जड! मग सहज म्हणाला, "याच्यापुढचं मॉडेल महिनाअखेरीस येतंय." झालं! म्हटलं, मग थांबावं का? तो म्हणाला, "थांबायचं तर माणूस कायमच थांबू शकतो, साहेब."

कार्ड परत त्याच्या हातात दिलं. आठवडाभराचा तर प्रश्न आहे.

२५ मार्च

ताईशी भांडण.

"आहे तसं दाखव ना त्यांना!"

"अडकतं गं. दारातच अडकतं."

"मग दार तरी दाखव! तुझं म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडं."

मी ओरडलो. आप्पांनी ऐकलं असणार, पण त्यांनी डोळे मिटून घेतले होते. हत्ती गेला, शेपूट राहिलंय, हे कुणाला समजतच नाही. एकदाच दाखवायचंय, तर नीट दाखवायला नको? मी त्यांचं एक दुकान हातचं घालवलंय. दुसरं अर्धवट देणार नाही.

२९ मार्च

नवं मॉडेल लांबलं. पुढच्या महिन्यात, म्हणतात.

आप्पांनी आज जेवण नको म्हटलं.

१ एप्रिल

जेवण नको. पाणी चमच्याने.

२ एप्रिल

मोठंच मागवलं. जुनंच मॉडेल, डबा आणि पॉवर सप्लायसकट. दुकानात नेमकं संपलं होतं! काउंटरवाला फोनवर म्हणाला, गोदामातून येईल, पाच-सहा दिवस. त्या दिवशी हातात होतं. माझ्या या हातांत!

५ एप्रिल

रजा टाकली. दिवसभर खाटेशी. आप्पा मधूनमधून बोटं फिरवतात, अंगठा आणि तर्जनी, किल्ली फिरवल्यासारखी. ताई म्हणते, गोळ्यांमुळे होतं.

६ एप्रिल, रविवार

सकाळी आप्पा एकदम शुद्धीत. माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "काय रे, किती दिवस आत काय खुडबुडतोयस?"

सांगून टाकलं. तुमचं दुकान बनवलंय, आप्पा. जसंच्या तसं. फळीसकट.

अंगावरची चादर बाजूला सारली. मग, "दाखव."

"दोन दिवस थांबा. कार्ड येतंय. आत्ता अडकतं."

"अडकू दे की. शटर अर्धं उघडलं तरी गिऱ्हाईक वाकून आत येतं."

"नाही आप्पा. नीटच दाखवणार."

ते हसले. मग माझं मनगट धरलं. "त्या फळीचं तुला एक सांगायचं होतं मला –"

मी म्हटलं, "आत्ता नका दमू. दुकान बघताना सांगा. फळीपाशी उभं राहून."

"बरं," म्हणाले. तेच "बरं". जुलैतलं.

मंगळवारी कार्ड येईल.

७ एप्रिल

आप्पा गेले. सकाळी, चहाच्या आधी.

८ एप्रिल

कार्ड आलं. दारात चपलांची गर्दी, त्यातून कुरिअरवाला खोकं घेऊन उभा. सही मागत होता. वरातीमागून घोडं. सही केली.

१५ एप्रिल

माणसं पांगली. खाट अजून तिथेच आहे. ताईने चादर काढली, गादी उन्हात टाकली. मी काहीच करत नाही. काय सांगायचं होतं त्यांना? रागावले होते हे? की रागावले नव्हते हे? दोन्हीतलं एक असणार. दिवसातून दहादा एक वाटतं आणि दहादा दुसरं.

ताईला विचारलं, तुला कधी काही बोलले होते का फळीबद्दल. नाही म्हणाली. मग म्हणाली, "तुलाच सांगायचं असेल."

२० एप्रिल, रविवार

ताई म्हणाली, "आता मला तरी दाखव." नवं कार्ड बसवायला कॉम्प्युटर टेबलाखालून ओढला आणि मागे पाहिलं.

पडद्याची केबल कार्डात नव्हतीच. शेजारी, मदरबोर्डच्या साध्या पोर्टमध्ये होती. खाट आली त्या दिवशी घाईघाईत मीच तिथे खुपसलेली. आठ महिने कार्ड आत नुसतं बसून, आणि चित्र काढायचा सगळा भार त्या बिचाऱ्या मदरबोर्डवर.

केबल काढली. जुन्याच कार्डात लावली. शटर उघडलं. कुठे अडकलं नाही. सरळ फळीपर्यंत गेलो. चारशे अकरा किल्ल्या, एकूण एक चकाकत होत्या. ताई रडायला लागली.

नवं कार्ड खोक्यातच आहे. आप्पांनी आधी किल्ली बघितली असती.