पाठकोरी सतरा पानं

प्रिय खुटखुट्या,

तू गेल्यापासून घर इतकं शांत झालंय, की आईने दोनदा कानातलं यंत्र काढून पाहिलं, बंद पडलंय की काय म्हणून. यंत्र चालू आहे. तुझी खुटखुट बंद पडली आहे, एवढंच. पंख्यांच्या कंपनीत करमतं का? खोलीत ऊन येतं का? "बरं चाललंय" म्हणून फोन उरकत जाऊ नकोस. त्या दोन शब्दांसाठी आई यंत्राचा आवाज वाढवून बसलेली असते.

जाताना तू पत्र्याचा खोका माझ्या हवाली केलास आणि म्हणालास, "भंगारवाला आला की देऊन टाक, ताई." तो दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा मला हाक ऐकू आली नाही, असं मी स्वतःलाच सांगितलं. दुसऱ्यांदा आईने त्याला दारातच गाठलं. "माझ्या लेकाची सहा वर्षं काय किलोवर घेणार तू?" बिचारा वजनकाटा उचलून निघून गेला. मग मी खोका उघडला.

एकतीस यंत्रं. प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, तुझ्या मुंग्यांसारख्या अक्षरात. 'घामाने गंजलं.' 'शिट्टी वाजते.' 'झाकण म्हाताऱ्या बोटांना उघडत नाही.' 'आईने बादलीत पाडलं.' सगळ्यात तळाशी पहिलं. ते घातल्यावर आईला आपलं बोलणं कळेना, पण शेजारच्या काकूंचा मिक्सर मात्र लख्ख ऐकू येई. "आज त्यांच्याकडे पाहुणे आहेत वाटतं," असं ती गंभीरपणे सांगायची, मी हसून लोळायचे आणि तू रडकुंडीला यायचास. बाहेरच्या देशांतून येणारी यंत्रं आपल्यासारख्यांच्या आवाक्यातली नाहीत, म्हणून तू ती आपल्या गॅलरीत बनवायला बसलास. आईचे कान झाले, मग गल्लीतल्या शिंप्याचे, मग शाळेच्या शिपायाचे, असे दोन वर्षांत चाळीस जणांचे. एकतिसाव्या मोडतोडीनंतर जे यंत्र बनलं, ते आज आईच्या कानात आहे.

नव्या यंत्रांना पैसे देणाऱ्या तंत्रज्ञान निधीचा अर्ज भरायची वेळ आली, तेव्हा तू माझ्याकडे आलास. येणारच की. मी बँकेत वीस वर्षं कर्जाचे अर्ज वाचते. तिथे मला 'कात्री' म्हणतात, आणि तूही म्हणतोस. तुझ्या अर्जात सतरा पानं नुसती मोडतोडीची होती. कुठलं यंत्र कोणाच्या कानात कधी बंद पडलं, का पडलं, मग तू काय बदललंस. मी ती काढून टाकली. तू म्हणालास, "अगं, ही पानं काढल्यावर उरतं काय?" मी म्हणाले, "मागायला जाताना कोणी फाटका सदरा घालून जातं का?" लहानपणापासून माझं शेवटचं वाक्य तू शेवटचंच मानत आलास. अर्ज नामंजूर झाला. 'चाचण्या विश्वासार्ह वाटत नाहीत,' एवढी एकच ओळ आली. तू ती चारदा वाचलीस, म्हणालास, "यंत्रच कच्चं आहे माझं," आणि हत्यारं पुसून ठेवून दिलीस.

आता जे लिहिणार आहे, ते चार महिने मी तुझ्यापासून लपवलं आहे. आमच्या बँकेत एक प्रशिक्षण झालं होतं. त्याच निधीच्या परीक्षक बाई शिकवायला आल्या होत्या. पांढरे केस, बारीक आवाज. म्हणाल्या, तुम्ही असलेल्यावर पैसे देता, म्हणजे घरावर, दुकानावर. आम्ही अजून नसलेल्यावर देतो. मग आमच्याकडे तारण काय, तर माणूस किती वेळा चुकला आणि प्रत्येक चुकीतून काय शिकला, ते. मग त्यांनी नाव न घेता एक उदाहरण दिलं. "कानाचं यंत्र. चाळीस माणसं, दोन वर्षं, आणि एकदाही बिघाड नाही! एकतर हा गृहस्थ खोटं बोलतोय, नाहीतर ते यंत्र कपाटात आराम करत होतं." सगळा वर्ग हसला. खुटखुट्या, मीही हसले. हसू ओठांवर असतानाच मला कळलं, की त्या कोणावर हसवत होत्या.

तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. रोज ठरवायचे. तू समोर बसून जेवायचास, माझ्याकडे पाहून हसायचास, एका शब्दाने दोष द्यायचा नाहीस, आणि मी तुला आणखी एक पोळी वाढायचे. ज्याची ताई सगळं जाणते, त्याला कसं सांगायचं की तिला तिचं स्वतःचं कामही अर्धंच कळत होतं?

परवा मी रजा टाकली आणि खोका घेऊन त्या बाईंच्या कार्यालयात गेले. सगळं सांगितलं, कात्रीसकट. त्यांनी एकेक चिठ्ठी चष्मा काढून वाचली. 'आईने बादलीत पाडलं' वाचून हसल्या, पण हे हसू वेगळं होतं. म्हणाल्या, पैसे मिळतीलच असं सांगत नाही, पण फेरअर्ज करता येतो. मात्र तो त्याने करायचा, तुम्ही नाही. आणि ती पानं जशी आहेत तशी हवीत, पुन्हा नीटनेटकी केलेली नकोत.

ती पानं मी फेकली नव्हती रे. पाठकोरे कागद मला टाकवत नाहीत, तुला ठाऊक आहे. वर्षभर त्यांच्या मागे मी वाणसामानाच्या याद्या केल्या. या पाकिटात सतराच्या सतरा आहेत. सातव्या पानामागे साबण आणि आईच्या गोळ्या आहेत, त्याला इलाज नाही. सोबत फेरअर्जाचा कागद आहे. महिनाअखेरीस तू कंपनीच्या तीन वर्षांच्या करारावर सही करणार आहेस, म्हणून आज घाईने लिहिते आहे. कुठे सही करायची ते मी सांगणार नाही, एकदा सांगून पाहिलंय. फक्त तुझं यंत्र कच्चं होतं, असं समजून सही करू नकोस. कच्ची मी होते. आईला हे पत्र वाचून दाखवलं. पहिल्यांदा तिने ऐकू न आल्याचं नाटक केलं. मग म्हणाली, "त्याला लिही, सगळं ऐकू आलं मला. एकूण एक शब्द."

तुझीच,
आता बोथट झालेली कात्री