बरणीतली शेवंती

नयन,

मी माहेरी नौपाड्याला चाललेय. भाजी फ्रिजमध्ये आहे, पोळ्या बाहेरून आण.

ओट्यावरच्या बरणीत कॅमोमाइल नाहीये. मला झोप लागावी म्हणून आणलेली ती फुलं केव्हाच संपली. तुझ्या आईंनी बरणीत देवावरची शेवंती वाळवून भरली. आज त्याचा चहा मीच गाळला, तर गाळणीत हाराचा दोरा निघाला, त्याला कुंकू आणि समईचं तेल चिकटलेलं, वर एक मेलेली मुंगी. शी! मी बेसिनमध्येच ओकले. इतके दिवस मी निर्माल्य उकळून पीत होते रे!

आईंना विचारलं तर म्हणाल्या, "देवाचंच आहे, गुण येईल. दिसायलाही तसंच. नयनला पहिल्याच दिवशी सांगितलेलं मी. तो म्हणाला, असू दे, तिला काय कळतंय."

त्यांच्यावर मी चिडले नाही. त्यांना खरंच वाटलेलं मला गुण येईल.

पण रोज रात्री कप माझ्या हातात तू द्यायचास. आणि वर विचारायचास, "बरं वाटतंय ना?"

बरणीत एका कपापुरतं उरलंय. आज तू पी. देवाचंच आहे.

भावना