लाख लावलेला अर्ज

तुमी मला कचेरीत मारलं ते चुकीचं मारलं. आधी एवढं लिहून ठेवते, बाकीचं मागून. मार खायचं मला काही नवं नव्हतं. सोळा वर्षांची होईपर्यंत बापाचा हात झाला होता, नवऱ्याचाही झाला होता, अन् नवऱ्यानं हाकलून दिलं म्हणूनच तर तुमच्या घरी परत येऊन तुमचा डबा पोचवत होते. नवऱ्याला मारायला कारण लागत नसे. तुमी कारण काढून मारलं, अन् त्या कारणात मी बरोबर होते. चूक तुमची होती, अन् तुमच्या चुकीत आपलीच माणसं जळाली.

दादा, तुमची धाकटी लेक लिहायलीय. तुमाला जाऊन तीस वर्षं उलटली. पत्र लिहायची मला सवय नाही, शाळा दोन यत्ता, तीही तुमी रडवून सोडवली. काना-मात्रा चुकला तर नातीकडून तपासून घेतलं असतं, पण हे तिला दाखवायचं नाही.

तिच्यामुळंच हे सुचलं. ती एका सरकारी ऑफिसात कम्प्युटरवर बसते. परवा सुट्टीला आली तर तो मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात बसली. मी शेंगा फोडत होते, ती कुरकुर करत होती. मेल म्हणजे तारेवरून येणारा कागद, तुमाला एवढं समजलं तरी बास. खालच्या ऑफिसातून जो मेल येतो त्यात नुसत्या दोन ओळी असतात, सोबतचे पहावे अन् योग्य ती कार्यवाही करावी. त्याखाली टाचणीसारखं एक चित्र. ते दाबलं की आतून दुसरा मेल निघतो. त्यातही त्याच दोन ओळी, तीच टाचणी. तिसऱ्याच्या पोटात खरा अर्ज. हिच्या कम्प्युटरवर ते सगळं उघडतं, पण हिचे साहेब मोबाइलवर बघतात अन् तिथं काही उघडत नाही, म्हणून साहेब उलट टपाली विचारतात की सोबत काय, सोबत तर काहीच नाही. महिनाभर असं चाललेलं.

मी विचारलं, आत काय आहे. म्हणाली, मी वाचत नाही, मला फक्त पुढं पाठवायचं असतं.

माझ्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. मी म्हणाले, "उघड."

"आजी, ते माझं काम नाही."

"उघड म्हणते ना. न्हाई तर तुझी ही पाटी गॅसवर ठेवते."

उघडलं. एका विधवेचा अर्ज होता. दोन्ही दीर तिचं वावर बळकवायला निघाले होते, एकानं कुऱ्हाडीला धार लावून तिच्या उंबऱ्यावर आपटून दाखवली होती. सोमवारी नांगर घालणार, आडवी आलीस तर तुझेच तुकडे खत म्हणून टाकतो, असं बोलला होता. आम्ही उघडलं त्या दिवशी शनिवार होता. अर्ज चार दिवस टाचण्यांखाली फिरत होता.

नात पांढरी पडली. मग तिनं हुशारी केली, माझ्यासारखी शिव्या देत बसली नाही. त्या बाईचं लिहिणं जसंच्या तसं उचलून मेलच्या वरच्या भागात ओतलं, पहिल्या ओळीत 'सोमवार' घातलं, अन् वर साहेबाला फोन केला. मग खालच्या ऑफिसातल्या माणसाला फोनवर विचारलं की तुमचे मेल असे गाठोड्यात का येतात. त्यानं सांगितलं, आधीच्या बाबूनं तशी कळ बसवून ठेवलीय, म्हणजे पुढं पाठवताना मूळ कागदाला कुणाचा हात लागत नाही, जसा आला तसा बंद राहतो. नातीनं त्याला कुठं जाऊन काय बदलायचं ते एकेक सांगितलं, दोनदा तो चुकला, तिसऱ्यांदा जमलं. ती बाई जिवंत आहे एवढं मला नंतर कळलं. वावराचं काय झालं ते विचारलं नाही.

'मूळ कागदाला हात लागत नाही.' हे ऐकलं अन् मला तुमीच दिसले. कचेरीतल्या त्या लांब बाकड्यावर, गुडघ्यात मेणबत्ती धरून, लाखेची लाल कांडी वितळवताना. तुमी शिपाई. कागद टोचायचे, लिफाफ्यात घालायचे, पोचवायचे, डाकबुकात समोरच्याची सही घ्यायची. मला मारलं त्याच्या आदल्या वर्षी तुमच्या सायकलवरून जाताना एका कागदाचं जोडपत्र टाचणीतून सुटून वाऱ्यावर गेलं, अन् साहेबानं तुमाला सगळ्यांपुढं जातीवरून बोलून निलंबित केलं. तीन महिने तुमी घरात भिंतीकडं तोंड करून होता. परत घेतलं तेव्हापासून तुमी नवा कायदा काढला. वरचं पत्र वेगळं, अन् आतला कागद त्याच्या स्वतःच्या लिफाफ्यात, डिंक लावून, वर लाख, लाखेवर कचेरीची मोहोर. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी अडवलंही नाही. तुमी म्हणायचे, आता ब्रह्मदेव आला तरी माझ्या हातून कागद सुटायचा नाही.

विद्यापीठाच्या नावाचा ठराव झाला अन् गावंच्या गावं पेटायला लागली ते दिवस. आपल्या माणसांनी विहिरीवर जायचं सोडलं, लेकरं शाळेतून काढली. तुमची थोरली लेक आक्का, तिच्या गावाहून दाजी चालत आले. वाटेत दगड लागला होता, कान फाटलेला. घरात बसून त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण गिळवला नाही. त्यांच्याजवळ अर्ज होता, गावच्या मास्तरानं लपून लिहून दिलेला. मी एकेक अक्षर लावून वाचला. मंगळवारी, बाजारच्या दिवशी, बाप्ये बाजाराला गेले की वस्ती पेटवायची असं पारावर ठरलंय, राकेलचे डबे आणून ठेवलेत, पोलीस पाठवावेत. खाली सगळ्या वस्तीचे अंगठे.

शनिवारी दाजींनी तो कचेरीत दिला. साहेब नव्हते. कारकुनानं वरचं पत्र लिहिलं. विषय, अर्ज पुढे पाठविण्याबाबत. सोबतचा अर्ज पहावा. बस. त्यात मंगळवार नाही, राकेल नाही, गावाचं नाव नाही. मी डबा घेऊन आले तेव्हा तुमी अर्जाची घडी घालून लिफाफ्यात सारत होता अन् लाखेची कांडी मेणबत्तीवर धरली होती. मी म्हणाले, दादा, हा बंद करू नका. बंद लिफाफा ठाण्यात कुणी उघडत न्हाई. वरच्या कागदावर नुसतं मंगळवार लिहा, मी लिहिते.

अन् कारकुनाच्या टेबलावरचा टाक मी उचलला.

तुमी कांडी ठेवली नाही. एका हातात कांडी, दुसऱ्यानं मारलं. दात ओठात घुसला. लाखेचा एक थेंब माझ्या पायावर पडला, तेही मला आठवतं.

"दोन यत्ता शिकली अन् साहेबाच्या कागदावर लिहायला निघाली? माझी भाकर घालवतीस?"

कारकून म्हणाला, लेक वकील झाली तुमची. सगळे हसले. तुमीसुद्धा हसला, दादा. ओठ पुसत मी रिकामा डबा उचलला.

पुढचं मला तुमच्याच तोंडून माहीत आहे, कारण पुढची बारा वर्षं तुमी तेच सांगत होता. तुमी ठाण्यात गेला, हवालदारानं वरचं पत्र वाचलं, डाकबुकात सही केली, लिफाफा उलटापालटा केला. लाख बघून त्यानं तो टेबलाच्या कप्प्यात ठेवला. लाख लावलेला लिफाफा म्हणजे खुद्द फौजदारानं फोडायचा, दुसऱ्यानं फोडला तर त्याची नोकरी जाते, हे ठाण्यात कुत्र्यालाही ठाऊक होतं. फौजदार परभणीला बंदोबस्तावर. हवालदार वाईट माणूस नव्हता. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका गावचा अर्ज उघडाच आला, टाचणीला लटकत, तो त्यानं वाचला अन् दोन शिपाई घेऊन त्या गावच्या पारावर जाऊन बसला. तीन काठ्या अन् एक बंदूक, तीही चालत होती का नव्हती देव जाणे. ते गाव जळालं नाही. म्हणून मला कुणी सांगू नये की जाळणारे जाळणारच होते.

मंगळवारी आक्काच्या वस्तीत ते दोन बाजूंनी आले. सकाळी ज्यांच्या कपाशीत बाया निंदत होत्या, तेच. पावसानं छपरं ओली होती म्हणून आधी आत राकेल फेकलं, मग पलिते. बाया पोरं घेऊन नाल्याकडं पळाल्या. एका म्हातारीला पळवेना, तिला खाटेसकट उचलून बाहेर आणली, हसले, अन् परत आत नेऊन ठेवली. आक्का दोनदा आत गेली. पहिल्यांदा तिनं लेक काढली, दुसऱ्यांदा शेळी सोडायला गेली तेव्हा आढ्याचं लाकूड तिच्या दोन्ही हातांवर पडलं. ती सांगायची, कणगीतली जवारी तडतडून लाह्या होत होती अन् भाजक्या लाह्यांचा वास सुटला होता, अन् त्या वासानं तिच्या तोंडाला पाणी आलं. याची तिला जन्मभर किळस वाटली. दाजी बाजारातून धूर बघून धावत आले. त्यांना वेशीत अडवलं. कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, बोथट बाजूनं, आधी गुडघे फोडले, मग विचारलं, अर्ज कुणी दिला. तिसऱ्या दिवशी ते दवाखान्यात वारले.

पिंगळीहून रेल्वेनं आपण दोघं दवाखान्यात गेलो. तुमच्या काखेत डाकबुक होतं. मी वाटभर बघत होते, मला वाटलं सवयीनं घेतलं असेल. आक्का जमिनीवर पडलेली, हात कोपरापर्यंत पट्टीत. तुमी तिच्या पायापाशी बसला अन् ते पुस्तक उघडलं. बोट ठेवून दाखवलं.

"बघ माय, शनिवारीच पोचवलाय. ही सही. माझ्याकडून कसूर न्हाई."

तिला हात उचलता येईना म्हणून तिनं लाथ घातली. छातीत. तुमी मागं शेजारच्या बाईच्या तांब्यावर पडला, पाणी सांडलं, डाकबुक भिजलं, अन् तुमी आधी ते उचललं. आक्का ओरडली नाही. हळूच म्हणाली, "पोचवला म्हनं. कुठं पोचवला, दादा?"

पाच दिवसांनी फौजदार आले, लाख फोडली, वाचलं, अन् उत्तर पाठवलं. घटना घडून गेल्याने आता कार्यवाहीची गरज राहिलेली नाही. सोबत मूळ अर्ज परत. तो आणायलाही तुमालाच पाठवलं. चौकशी झाली तेव्हा सगळे सुटले. कारकुनानं वेळेत लिहिलं होतं, तुमी वेळेत पोचवलं होतं, हवालदारानं नियमानं फोडला नव्हता. कागदावर एकाचीही चूक नव्हती. जाळणारेही सुटले, त्यांना कुणी ओळखलंच नाही, सकाळी त्यांच्याच रानात बाया निंदत होत्या तरी.

तुमी त्यानंतर लाख लावली नाही. मी बघितलं होतं. पण तुमी चुकलो असं कधी म्हणाला नाही. कुणी पाहुणा आला की डाकबुक काढायचे, सही दाखवायचे. पाणी लागून सही निळी पसरली होती, नुसता डाग. आक्का त्या दिवसानंतर तुमच्या दारात आली नाही. तुमी मेला तेव्हा मानवतला जाऊन मी स्वतः निरोप दिला, तिथं ती जिनिंगवर कामाला होती, बोटं वळत नसताना मनगटांनी कापूस रेटायची. म्हणाली, माझी पाळी संपल्यावर बघते. आली नाही. मग चार वर्षांनी विद्यापीठाला नाव मिळालं. लोकांनी पेढे वाटले. तिनं पेढा घेतला अन् शेळीला घातला.

आता हा कागद मी लिफाफ्यात घालणार नाही. तुमाला पाठवायला पत्ता नाही, अन् तुमच्यासारख्या माणसाच्या हाती लिफाफा द्यायची मला भीती वाटते. हे नातीनं वाचू नये ते एकाच गोष्टीपायी, ती गोष्ट आता लिहिते.

त्या शनिवारी मार खाऊन मी घरी निघाले तेव्हा वाट ठाण्यावरूनच होती. तुमी अजून निघायचे होता. हवालदार बाहेर ओट्यावर बसून तंबाखू मळत होता. माझं तोंड बघून म्हणाला, "काय गं पोरी, कुणी मारलं? काय सांगायचंय का?" मला सगळा अर्ज पाठ होता. गाव, वार, राकेल. एक शब्द बोलले असते तर तो उठला असता, तो उठणाराच माणूस होता. मी म्हणाले, काय न्हाई. अन् पुढं गेले. भीती नव्हती, दादा. मला वाटलं, जाऊ दे तुमचा लिफाफा बंदच, होऊ दे त्याचं व्हायचं ते, मग साहेब तुमाला जोड्यानं मारील अन् मी बघेन. आक्काचं घर माझ्या मनात आलंच नाही. मंगळवारी दुपारी आभाळात धूर दिसला तेव्हा आलं.

हे मी आक्काला सांगितलं नाही. तिच्या जळक्या हातांना वर्षानुवर्षं एरंडेल चोळलं अन् ती तुमाला शिव्या देत राहिली, मी हूं हूं करत राहिले. गेल्या पंधरवड्यात ती गेली. मेल्यावर तिकडं काही नसतं, हे मला ठाऊक आहे, आपण तसलं मानत नाही. पण असलंच काही, अन् तिनं तुमाला गाठलंच, तर डाकबुक काढायचं नाही. सही दाखवायची नाही. तोंड उघडायचं नाही. मी येईस्तोवर तिला थांबवा. तिला जवाब मी द्यायचाय, तुमी नाही.