ढोरांचा डॉक्टर

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज सकाळी मला तुमचा भयंकर राग आला. आमच्या म्हशीचं पोट फुगलं होतं. माझा मुलगा तिला वेळूच्या नळीनं तेल पाजत होता आणि सून तिचं तोंड वर धरून उभी होती. म्हैस ठसकली तशी मी ओरडले, "सोड वं! मान सोड आधी!" सुनेनं घाबरून मान सोडली. मुलगा म्हणाला, "आई, एवढी काऊन चिडून राह्यली?" कुणावर चिडले ते त्याला काय सांगू?

अख्ख्या गावात घोडी होती ती फक्त आपल्या दारात. मी दहा वर्षांची असताना तुम्ही मला उचलून तिच्यावर बसवलंत. पारावरची माणसं हसली, तर तुम्ही म्हणालात, "बसू द्या. माही पोरगी हाये." त्या दिवसापासून ती माझी झाली. तिचं दाणापाणी, खरारा सगळं मीच करायची. हे मी विसरलेले नाही, म्हणूनच राग जास्त येतो.

हिवाळ्यातली सकाळ. घोडी खाली बसते, उठते, मान वळवून स्वतःच्याच पोटाकडे बघते. एवढ्या थंडीत अंगाला घाम. आई तव्यावरची भाकरी टाकून बाहेर आली. "आज मोताळ्याचा बाजार हाये. ढोरांचा डॉक्टर आला असन. गड्याले धाडा ना जी." सरकारनं नेमलेला तो डॉक्टर बाजाराच्या दिवशी तिथे लिंबाखाली जनावरं तपासायचा. आपल्यापासून दोन कोस. तुम्ही ताडकन म्हणालात, "घोडी हाये ते, ढोर नाही! पाटलाच्या घोडीले ढोरांचा डॉक्टर? लोकं तोंडात शेण घालतीन." एका शब्दापायी, बाबा! सगळा वऱ्हाड त्याला त्याच नावानं ओळखत होता, त्यात त्या माणसाचा काय दोष?

आणि मग तुम्ही काय केलंत? गोठ्यात जाऊन बैलांना पाजायची नळी आणलीत. डॉक्टर ढोरांचा चालत नव्हता, नळी मात्र ढोरांची चालली. तेल, हिंग, कोमट पाणी. मला म्हणालात, "मान वर धर वं, सोडू नोको!" मी दोन्ही हातांनी तिचा जबडा वर धरला. तुम्ही ओतत होता, आणि ओतता ओतता आईवर खेकसत होता.

आईनं तुम्हाला न विचारता गड्याला मोताळ्याला पिटाळलं. डॉक्टर दुपारी आला. वरातीमागून घोडं म्हणतात, इथे घोडीमागून डॉक्टर. तोवर तिचं पोट उतरलं होतं आणि तुम्ही ओट्यावर मिशीला पीळ देत बसला होता. त्यानं तिच्या छातीला बराच वेळ कान लावला. "पाटील, बैलासारखं पाजलं काय हिले? पाजताना खोकली होती का? खोकली असन तर तेल छातीत गेलं. मंग मी आज इथंच थांबतो." तुम्ही म्हणालात, "नाही." तो गेला. चौथ्या दिवशी घोडी धापा टाकत मेली.

तुम्ही जन्मभर लोकांना सांगितलंत, घोडी पोटानं गेली. आणि मी जन्मभर मनात म्हणत राहिले, बाबा खोटं बोलले. दोन शब्द खरे बोलले असते तर काय पाटीलकी बुडणार होती? तुमच्या तेराव्याला सगळे रडले, माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. हा कागद तरी कुठे धाडणार? पिठाच्या डब्याखाली ठेवून देईन.

पण आज म्हैस ठसकली तेव्हा एक गोष्ट आठवली, जी मी आठवू देत नव्हते. तुम्ही आईशी भांडत होता. तुम्हाला खरंच ऐकू आलं नसेल. तो खोकला माझ्या हातांना कळला होता, बाबा. तिचा जबडा माझ्या हातात थरथरला, तरी तुमच्या भीतीनं मी तो सोडला नाही. आणि डॉक्टरनं विचारलं तेव्हा मी तिथेच, हातात खरारा धरून उभी होते.